परतीची गाडी रिकामी का येते? राज्याच्या परिवहन, उद्योग आणि पणन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मा. उद्योग मंत्री आणि मा. पणन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला ट्रकमालक. घरच्या दोन दहाचाकी गाड्या आहेत. एक मी स्वतः चालवतो, दुसरीवर ड्रायव्हर आहे. एकवीस वर्षं झाली, पिंपळगाव आणि लासलगावचा कांदा मुंबईच्या बाजूला नेऊन टाकतोय. तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण आमचं दुखणं तुमच्या तिन्ही खात्यांच्या बांधावर पडलंय. परिवहनवाल्यांकडे जावं तर ते बाजाराकडे बोट दाखवतात, बाजारवाले कंपन्यांकडे, आणि कंपन्या म्हणतात, गाडीवाल्याचं गाडीवाला बघून घेईल. म्हणून हे सगळ्यांसमोर मांडतोय.

गेल्या महिन्यातली एक फेरी सांगतो. पिंपळगावहून रात्री नऊला गाडी काढली. ३६० गोण्या, अठरा टन. घोटीचा टोल अकराच्या सुमारास ओलांडला, कसारा उतरलो आणि पहाटे चारला मुंबईजवळच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर गाडी लावली. "सात वाजता खाली करतो," असं सांगितलं होतं. सातला गोदामाचं कुलूपसुद्धा उघडलेलं नव्हतं. अकराला हमाल आले आणि आधी दुसऱ्याच दोन गाड्यांना लागले. माझ्या गाडीची ताडपत्री सुटली दुपारी चारला. शेवटची गोणी उतरली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. एकोणीस तास गाडी एका जागी उभी.

त्याच दिवशी परतीचं भाडं ठरलेलं होतं. भिवंडीच्या एका गोदामातून सिन्नरला नऊ टन घरगुती सामान, ११,००० रुपये. संध्याकाळी सहाच्या आत गाडी गेटला लागली पाहिजे, एवढी एकच अट. मी बाराला फोन केला, तीनला केला, साडेपाचला केला. तिथला सुपरवायझर माणूस बरा होता. म्हणाला, "भाऊ, मी थांबलो असतो, पण माल आजच निघायला पाहिजे, मी दुसरी गाडी लावतो." त्याची काही चूक नव्हती. मी रात्री साडेअकराला निघालो. भिवंडीच्या बाहेर रस्त्याच्या कडेने गोदामांचे दिवे लागलेले दिसत होते आणि मी रिकामा हौदा वाजवत त्यांच्या शेजारून कसाऱ्याकडे चाललो होतो. रिकाम्या गाडीचा आवाज वेगळा असतो. खड्ड्यात फाळका आपटतो, साखळी खळखळते, तो आवाज घरापर्यंत सोबत असतो. घोटीला पोचेपर्यंत २४ तास उलटून गेले होते, त्यामुळे परतीची सवलत गेली आणि पूर्ण टोल कापला गेला.

दोन दिवसांनी त्याच सुपरवायझरला पुढच्या मालासाठी फोन केला. तेव्हा कळलं, त्या रात्री त्याने भिवंडीचीच एक गाडी लावली होती. ती सिन्नरला माल टाकून रिकामी भिवंडीला परत गेली. म्हणजे एका मालापायी एकाच रस्त्यावर दोन गाड्या रिकाम्या पळाल्या. एक वर येताना, एक खाली जाताना. दोघांचं डिझेल जळलं, दोघांनी टोल भरला.

मी वही ठेवतो. प्रत्येक फेरीचं किलोमीटर, डिझेल, टोल, भत्ता, सगळं लिहितो. गेल्या वर्षी माझ्या हातच्या गाडीच्या मुंबईच्या बाजूला ९६ फेऱ्या झाल्या. त्यातल्या ५८ वेळा गाडी रिकामी परत आली. एका बाजूचं अंतर सुमारे २०० किलोमीटर धरलं तर ११,६०० किलोमीटर ही गाडी काहीही न वाहता चालली. रिकाम्या गाडीला लिटरला साडेपाच किलोमीटरचं ॲव्हरेज पडतं, म्हणजे २,१०० लिटरच्या आसपास डिझेल. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पावणेदोन लाखांच्या वर जातं. टायर, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मी यात मोजलेलाच नाही.

हे पैसे कोणाच्या खिशातून जातात, तेही बघा. रिकाम्या फेरीला ३६ लिटर, म्हणजे ३,२४० रुपये. ३६० गोण्यांवर वाटले तर गोणीमागे नऊ रुपये. मी जातानाचं भाडं सांगतो तेव्हा परतीचं डिझेल त्यात धरूनच सांगतो, नाहीतर माझा हप्ता निघणार नाही. व्यापारी ते भाडं धरून कांद्याचा भाव काढतो. शेवटी ते जाऊन पडतं कांदाचाळीत कांदा राखून बसलेल्या शेतकऱ्यावर. माझा स्वतःचा दोन एकर कांदा असतो. म्हणून हे मला दोन्हीकडून लागतं, गाडीवाला म्हणूनही आणि शेतकरी म्हणूनही.

आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. माझी आई आजही तसंच करते. आणि हा नुसता घरचा रिवाज नाही, वाहतुकीचीही ही जुनीच रीत आहे. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून घाट उतरायचे आणि कोकणपट्टीतलं मीठ घेऊन घाट चढायचे. त्यांच्याजवळ ना फोन, ना पक्का रस्ता. तरी रिकामे बैल घाट चढवणं त्यांना परवडत नव्हतं, म्हणून दोन्हीकडचा माल त्यांनी बांधून ठेवला होता. आज माझ्या गाडीत जीपीएस आहे, काचेवर फास्टॅग आहे, आणि मी घाट रिकामा चढतो.

परतीचा माल नाही म्हणून हे होतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भिवंडीची गोदामं, तळोज्याचे कारखाने, न्हावा-शेव्याचं बंदर, सगळीकडून नाशिक, सिन्नर, मालेगाव, धुळ्याला रोज माल येतो. माल आणि गाडी एकमेकांपासून तीस-चाळीस किलोमीटरवर उभे असतात. त्यांची गाठ का पडत नाही, ते आता सांगतो.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडी थांबवून ठेवण्याला कसलीच किंमत नाही. रेल्वेची वाघीण ठरलेल्या वेळात रिकामी केली नाही तर तासाच्या हिशोबाने डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड लागतो. बोटीचा कंटेनर जास्त दिवस अडकवला तर कंपनी पैसे लावते. मग व्यापारी आणि कारखानदार रात्रपाळी लावून वाघिणी खाली करतात, कंटेनर मोकळे करतात. आणि ट्रक? ट्रक फुकटचं गोदाम समजून उभा ठेवतात. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवर, हॉल्टिंगचा (गाडी थांबवल्याच्या पैशांचा) रकाना असतो, तो भरायला लावला तर पुढच्या वेळी भाडं मिळत नाही. माझं एकोणीस तासांचं हॉल्टिंग मी मागितलंसुद्धा नाही, कारण सोमवारी परत त्याच गोदामावर जायचं होतं. परतीची गाडी वेळेवर जोडायची तर आधी ती वेळेवर मोकळी झाली पाहिजे. हे सुधारल्याशिवाय बाकीच्या कशाचाही उपयोग नाही.

यातच हमालीचं भांडण आहे. "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही आम्हा वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. माल माझा नाही, हमाल मी ठरवत नाही, दर मी ठरवत नाही, तरी वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, पैसे माझ्या भाड्यातून कापतात. ज्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याला हमाल लवकर बोलावण्याची घाईही नसते.

दुसरी गोष्ट परतीच्या दराची. जाताना अठरा हजार मिळतात त्याच रस्त्याला येताना अकरा मिळाले तर मी खूश असतो, कारण पुष्कळदा नऊच मिळतात. दलाल सरळ म्हणतो, "तू तसाही जाणारच आहेस, जे मिळतंय ते घे." मी घेतो. माल पाठवणाऱ्याने मात्र पूर्ण भाडं मोजलेलं असतं, मधले पैसे कुठे राहिले ते मला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच माल चार-चार दलाल टाकतात: "भिवंडी ते नाशिक, १० टन, आजच गाडी पाहिजे." पहिल्याला फोन लावला तर तो दुसऱ्याला विचारून सांगतो, दुसरा तिसऱ्याला. मोबाईलवरची ॲपं मी वापरून बघितली, तिथेही पुष्कळदा हेच लोक दिसतात. गेल्या वर्षी एकाने नोंदणीचे म्हणून दोन हजार आधी घेतले आणि नंबर बंद केला. बाकीचं भाडं पोच पावती दिल्यावर मिळतं म्हणतात. पोच मी स्वतः नेऊन देतो, तरी सव्वा-दीड महिना जातो.

असं नाही की याला कायदा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९३ प्रमाणे, गाड्यांनी जाणारा माल एजंट म्हणून गोळा करायचा आणि पुढे पाठवायचा तर परवाना लागतो. शिवाय २००७ चा मालवाहतूकदारांच्या नोंदणीचा कायदा आहे. माझ्या फोनमध्ये साठेक दलालांचे नंबर असतील. त्यातल्या एकानेही आजवर मला परवाना दाखवलेला नाही, आणि तो मागायची आमची हिंमत होत नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला बारीक वाटेल, पण आमची निम्मी परतीची भाडी तिच्यापायीच जातात. वास. कांदा उतरला की हौद्यात पापुद्रे राहतात, कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीत, फळ्यांच्या फटीत. एखादी गोणी फुटून सडकी गळती लागली असेल तर पाणी झिरपून फळ्या ओल्या होतात. थंडीत एकदा बिस्किटांचा माल भरायला गेलो होतो. क्लीनरने आणि मी खराट्याने हौदा झाडला, बाटल्यांनी पाणी मारलं, फडक्याने पुसला. गेटवरचा माणूस आत चढला, एका फटीत नख घालून पापुद्रा काढला, नाकाला लावला आणि खाली उतरला. गाडी परत. त्याचंही बरोबर आहे, बिस्किटाला कांद्याचा वास लागला तर माल वाया जाईल. पण माझं म्हणणं असं की, मुंबईच्या बाजूला भाजीपाल्याच्या एवढ्या गाड्या रोज खाली होतात, आणि त्या रस्त्यावर दाबाचं पाणी मारून हौदा धुवायची, वाळवायची, ताडपत्री झटकायची एक सरकारी जागा मला आजवर दिसलेली नाही. पेट्रोल पंपावर विनवण्या कराव्या लागतात.

उभं राहायलाच जागा नाही, मग धुवायची गोष्ट दूर. परतीच्या मालासाठी सहा-आठ तास थांबायचं तर गाडी लावायची कुठे? शहरात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा, हायवेच्या कडेला लावली तर दंड आणि डिझेलचोरी. ड्रायव्हर झोपणार कुठे, अंघोळ कुठे करणार? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं. माझा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवतो, दिवसभर खाली होण्याची वाट बघत जागा राहतो आणि परत रात्री गाडी चालवतो. थांबलास तर माल मिळेल, असं मी त्याला सांगतो तेव्हा तो म्हणतो, "आण्णा, थांबून झोप होणार असेल तर थांबतो." ती होत नाही, म्हणून तो रिकामा निघून येतो. मी त्याला बोलत नाही.

टोलचं वर आलंच आहे. २००८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे २४ तासांत परत आलं तर दोन्ही वेळचं मिळून एकेरीच्या दीडपट टोल लागतो. नियम चांगला आहे. पण माल खाली करून, दुसरा भरून २४ तासांत परत येणं मालवाहू ट्रकला क्वचितच जमतं. ते जमतं रिकाम्या परतणाऱ्याला. म्हणजे जो परतीच्या मालासाठी थांबला त्याला पूर्ण टोल आणि जो रिकामा पळाला त्याला सवलत. हे उलटं झालं आहे.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, थोडक्यात सांगतो. ताज्या कांद्याला जीएसटी नाही, म्हणून जाताना बिल लागत नाही. परतीच्या मालाला लागतं, आणि २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असा त्याच्या मुदतीचा हिशोब आहे. शनिवारी संध्याकाळी सिन्नरच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर पोचलो आणि ते म्हणाले सोमवारी या, तर बिलाची मुदत गेटवर उभ्या-उभ्या संपते. मुदत वाढवता येते, पण ती वाढवायची माल पाठवणाऱ्याने किंवा ट्रान्सपोर्टवाल्याने, आणि रविवारी त्यांचा फोन लागत नाही. तपासणीत अडकते ती गाडी.

आता तुम्ही म्हणाल, सरकार काहीच करत नाही असं नाही. मान्य आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा उघडला आणि नाशिकची गाडी कसाऱ्याचा जुना घाट टाळून थेट भिवंडी तालुक्यात उतरू लागली. २०२४ मध्ये राज्याचं लॉजिस्टिक, म्हणजे माल साठवण्या-वाहण्याचं धोरण आलं. त्यात ठाणे-भिवंडीला राज्यस्तरीय हब आणि नाशिक-सिन्नरला प्रादेशिक हब म्हटलंय. माझ्या रस्त्याची दोन्ही टोकं तुमच्या नकाशावर आहेत, याचा मला खरोखर आनंद झाला. पण हबच्या इमारती उभ्या राहायला वर्षं लागतील, आणि माझी गाडी आज रात्री निघणार आहे. नव्या रस्त्यावर वाचलेला तास गोदामाच्या गेटवर एकोणीस तास उभं राहून भरून निघत नाही.

म्हणून मागण्या सरळ लिहितो.

माल भरायला किंवा खाली करायला चार तास मोफत, त्यानंतर प्रत्येक तासाला ठरलेलं हॉल्टिंग, असा नियम राज्याने काढावा. गाडी गेटवर आल्याची वेळ नोंदवणं बंधनकारक करावं, नुसता मोबाईलवरचा मेसेज असला तरी चालेल. हॉल्टिंग बिल्टीवर आपोआप चढलं पाहिजे. ते गाडीवाल्याने तोंड उघडून मागायचं ठेवलं, तर मागणारा उपाशी राहील. बाजार समित्यांच्या आवारात उतराईच्या वेळेचं टोकन द्यावं. हमाली मालवाल्याची, हे त्याच नियमात लिहावं.

भिवंडी आणि सिन्नर, दोन्हीकडे हब होईपर्यंत एकेक मोकळी सरकारी जागा आत्ताच द्या. मुरूम टाकलेलं मैदान, कुंपण, दिवे, वजनकाटा, गाडी धुवायला दाबाचं पाणी, संडास-बाथरूम आणि पाठ टेकायला एक शेड. एवढंच पुरे. आम्ही पैसे भरून वापरू.

त्याच जागेवर परतीच्या मालाचा फलक असू द्या, भिंतीवरही आणि मोबाईलवरही. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी आणि गोदामांनी उद्याचा माल आज तिथे टाकावा: कुठून कुठे, किती टन, भाडं किती, पैसे कधी. गाडीवाल्याने आपली गाडी टाकावी. केंद्राच्या २०२२ च्या लॉजिस्टिक धोरणासोबत युलिप नावाची व्यवस्था आली, तीत वाहनांची माहिती एकत्र मिळते असं सांगतात. मग गाडी खरी की खोटी, कागद चालू की बंद, हे तपासणं अवघड नसावं. दलालांना त्यातून वगळा असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे ओळखी आहेत आणि काही जण अडचणीत आमच्या मदतीला धावून आलेले आहेत. पण परवाना दाखवून, मूळ भाडं उघड करून, ठरलेलं कमिशन घेऊन त्यांनी काम करावं. परवानाधारकांची यादी प्रत्येक आरटीओत लावा. पोच मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बाकी भाडं खात्यावर पडलं पाहिजे.

टोलचा नियम केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. मालवाहू गाड्यांना परतीची सवलत २४ ऐवजी ४८ तासांची करा, अशी राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी. समृद्धीचा रस्ता राज्याच्या महामंडळाचा आहे. तिथे भरून परत येणाऱ्या गाडीला सवलत द्यायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

माझी वही घेऊन मंत्रालयात यायची माझी तयारी आहे. वहीत तारखा आहेत, तास आहेत, टोलच्या पावत्या चिकटवलेल्या आहेत. माझ्यासोबत तालुक्यातले आणखी गाडीवाले येतील, त्यांच्याकडेही वह्या आहेत. पावसाळा सरला की लाल कांद्याची आवक सुरू होते आणि तेव्हा आमच्या फेऱ्या दुप्पट होतात. त्याच्या आत निदान थांब्याचा नियम आणि भिवंडीतली उभं राहायची जागा, या दोन गोष्टी कराव्यात, अशी हात जोडून विनंती आहे.

आपला,
एक ट्रकमालक आणि चालक
तालुका निफाड, जिल्हा नाशिक